जिभेखालचा रंग

पपा, मी एक दिवसाआड सकाळी कुणाला तरी खायला घालते, आणि ते नेमकं कोण हे मला अजून सांगता येत नाही. चारचौघांत सांगायला सोपं आहे, यकृताच्या पेशी. नगरच्या बाहेर मेडिकल कॉलेजच्या मागे एक बैठी इमारत आहे, तिथे आमची प्रयोगशाळा. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, कंडक्टर मात्र अजून नगरच म्हणतो आणि मीही. सावेडीतून स्कूटरवर जाते, चपला दारात काढते, हात कोपरापर्यंत धुते आणि फ्रिजएवढ्या एका कपाटाचं दार उघडते. आत अंगाची ऊब असते, ताप नसलेल्या माणसाच्या अंगाची. त्या उबेत चपट्या पारदर्शक डिशा एकीवर एक रचून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या तळाला पेशींचा एक थर चिकटलेला असतो, सायीपेक्षाही पातळ. त्यावर गुलाबी पाणी. त्या पाण्यात त्यांचं सगळं जेवण असतं. पेशी जेवल्या की पाणी हळूहळू पिवळं पडतं, मग ते ओढून काढायचं आणि ताजं गुलाबी घालायचं. कित्येक वर्षं हेच करते आहे. सवयीने हात चालतात, आणि तरी दार उघडण्याआधी मी दोन बोटांनी हलकेच टकटक करते. का करते ते विचारू नका. दुसऱ्या कुणी विचारलं तर मी दार घट्ट बसलंय म्हणून सांगते.

मायक्रोस्कोपखाली त्या पेशी फरशा बसवल्यासारख्या दिसतात, कडेला कड लावून, आणि दोन पेशींच्या मधून बारीक चकचकीत रेघा जातात. त्या पित्ताच्या वाटा. यकृत शरीरात जे जे करतं त्यातलं बरंचसं त्या तिथे बसून करत राहतात. रक्तासाठी प्रथिनं बनवतात, विष मोडतात, पित्त करतात. ज्याचं जेवण पचवायचं तो माणूसच तिथे नाही, हे त्यांना कळवायची काही सोय नाही. नव्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या हसतात. सुरुवातीला मीही हसायची. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत एकटीच मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते, डबा शेजारी उघडा होता, आणि मला वाटलं की या कुणाच्या तरी जेवणाची वाट बघताहेत. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

हे तुम्हाला कळवायचं कारण, मधल्या कप्प्यातल्या डिशा माझ्या आहेत. म्हणजे माझ्या शरीरापासून झालेल्या. आमचं काम टीबीच्या गोळ्यांवर आहे. त्या गोळ्यांनी माणूस बरा होतो, पण थोड्या लोकांचं यकृत त्याच गोळ्यांनी बिघडतं. ते कुणाचं बिघडेल हे आधी ओळखता यावं म्हणून वेगवेगळ्या माणसांच्या रक्तापासून यकृताच्या पेशी वाढवून आम्ही त्यांच्यावर गोळी घालून बघतो. रक्त द्यायला माणसं हवी होती, मी पहिला हात पुढे केला. पुण्याच्या एका लॅबने माझ्या रक्तातल्या पेशींना मागे मागे नेलं, आईच्या पोटात माणसाचं अजून काहीच ठरलेलं नसतं तिथपर्यंत, आणि मग आम्ही त्यांना आठवडेच्या आठवडे चुचकारत यकृताच्या वाटेला लावलं. तेव्हा माझं एक यकृत बरगड्यांखाली आहे आणि एक कपाटात. कपाटातलं अजून वर्षाचंही नाही. आणि त्यातलं अर्धं तुमच्याकडून आलेलं आहे, पपा, हे रक्त देताना माझ्या मनातही नव्हतं.

आपलं गावातलं स्वयंपाकघर दादाने ओटा बांधून नवं केलंय, पण खिडकीशेजारचा तो हातभर आरसा तिथेच आहे, ज्यात बघून तुम्ही दाढी करायचात. त्याखालच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी गोळ्यांचा सरकारी डबा असायचा. गावात दवाखाना नव्हता, आणि मास्तरांचा शब्द कुणी मोडत नाही म्हणून पारनेरच्या डॉक्टरांनी गावातले टीबीचे पेशंट तुमच्यावर सोपवले होते. शाळेच्या आधी ती माणसं मागच्या दाराने येतात आणि भिंतीला टेकून उकिडवी बसतात. आई त्यांना चहा देते, तुम्ही गोळी आणि पाण्याचा तांब्या देता. गिळली की म्हणता, "आ कर." मग म्हणता, "जीभ वर." काही जण गोळी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायचे, म्हणून तुम्ही वाकून प्रत्येकाच्या जिभेखाली बघता आणि मगच मान हलवता. मी दप्तर भरता भरता हे बघते आहे. मोठाली माणसं, मिशावाली, तुमच्यापुढे तोंड वासून बसलेली आणि त्यांच्या जिभा वर वळलेल्या. मला त्याची भीती वाटायची. तुम्हाला कधी बोलले नाही.

एकदा वीटभट्टीवरची एक बाई ओकाऱ्यांनी हैराण होऊन आली. "मास्तर, आजच्या दिस नगं. पोटात काय ठरंना," म्हणाली. मी मध्येच बोलले, "पपा, आज राहू द्या ना." तुम्ही माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "एक दिवस चुकला की केलेलं सगळं पाण्यात. तू डॉक्टर हो, मग सांग," असं म्हणालात आणि तिच्या हातावर गोळी ठेवलीत. माझे कान तापले, मी तशीच शाळेत गेले. ती बाई खडखडीत बरी झाली, पपा. तुम्ही चुकत नव्हता. गावातली ती सगळी माणसं तुमच्या हट्टापायी वाचली, हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वेगळं वाटायला नको.

रविवारी चर्च सुटलं की तुम्ही मटणवाल्याकडे थांबायचात. त्याने आपल्यासाठी कलेजी वेगळी काढून ठेवलेली असायची. आई मसाला वाटेपर्यंत तुम्ही ती ताटलीत मोकळी करता आणि मला हाक मारता. "हात पुढे कर." माझ्या तळहातावर तुम्ही तो गडद, गुळगुळीत तुकडा ठेवता. तो अजून कोमट आहे. मी हात ओढून घ्यायला बघते तेव्हा तुम्ही मनगट धरता, हसत. "घाबरतेस काय? सगळ्या अंगात हे लई राबतं. आपण झोपलो, रुसलो, प्रार्थनेला बसलो, तरी याचं काम चालू. याला रविवार नाही." वाढदिवसाला तुम्ही फ्रॉक वगैरे आणले असतील, ते काही आठवत नाहीत. तुमच्याकडून मिळालेली भेट म्हणून मला तो कोमट तुकडाच आठवतो. कपाटातून पहिली डिश उचलली की तिचा तळ माझ्या बोटांना तसाच लागतो.

मी नववीत असताना तुम्हाला खोकला लागला. दादा तेव्हा आयटीआयसाठी नगरला होता. तुमची थुंकी तपासली, टीबी निघाला. "इतक्यांच्या तोंडात वाकून बघितलं, आपलाही वाटा मिळायचाच होता," एवढंच तुम्ही म्हणालात आणि इतरांच्या बरोबरीने तुमचीही गोळी सुरू झाली. पण तुमच्यावर नजर ठेवायला कुणी नव्हतं. म्हणून सगळे गेले की तुम्ही आरशापुढे उभे राहायचात. गोळी, पाणी, घोट. मग आरशातल्या माणसाला म्हणायचात, "आ कर. जीभ वर." तुम्ही त्याच्या जिभेखाली बघायचात, तो तुमच्या जिभेखाली बघायचा, आणि दोघंही मान हलवायचात. मी दाराआडून बघितलंय. तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तुमचं जेवण तुटलं. फोडणीचा वास आला की तुम्ही अंगणात जाऊन उभे राहायचात. मग आईने एके दिवशी तुम्हाला उजेडात नेऊन तुमच्या पापण्या खाली ओढल्या. कावीळ होती. काविळीला डॉक्टर चालत नाही, माळच लागते, हे आपल्याकडे शिकलेल्यांनाही पटलेलं असतं, तुम्हालाही पटलं. शेजारच्या गावचा गिरणीवाला माळ द्यायचा, तीही फक्त रविवारी. तुम्ही चुकवलेली उपासना मला तेवढी एकच आठवते. निघताना मला म्हणालात, "पाळकसाहेबांनी विचारलं तर सर्दी झालीय म्हण." मी तसं म्हटलं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना काविळीचं कुणी सांगितलं नाही, गिरणीवाल्याला गोळ्यांचं कुणी सांगितलं नाही. गोळ्या टीबीच्या आणि माळ काविळीची, या दोन आजारांची एकमेकांशी काही ओळख असेल हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माळ घालून परत आलात त्या दुपारी, सकाळी राहिलेली गोळी तुम्ही आरशापुढे उभं राहून घेतलीत.

ती माळ कसल्याशा हिरव्या काड्यांची होती, दोऱ्याला एकेक गाठ मारून ओवलेली. घातली तेव्हा तुमच्या कपाळाला घट्ट बसत होती. गिरणीवाल्याने आईला बजावलं होतं, "हातानं काडायची न्हाई. ती आपसूक उतरंल. पायातनं भाईर पडली की गेली कावीळ." आणि ती वाढायला लागली, पपा, कुणी हात न लावता. शाळेतून येऊन बघितलं तर गळ्यात आलेली, पुन्हा बघितलं तर छातीवर. रोज सकाळी मी परातीत तुमच्या हातांवर चुन्याची निवळी आणि आंब्याच्या सालीचं पाणी ओतायची. परातीतलं पाणी पिवळं व्हायचं आणि आई म्हणायची, "निघतीय बघ." आम्हाला आनंद व्हायचा. माळ लांब होत होती, परात पिवळी होत होती, बरं होण्याच्या सगळ्या खुणा जिथल्या तिथे होत्या, आणि खाटेवर तुम्ही कमी कमी होत चालला होता. नंतर नंतर तुम्ही माझ्याकडे बघून मला आईच्या नावाने हाक मारायला लागलात. माळ घोट्यांपाशी आली त्या दिवशी आई देवाचे आभार मानायला गुडघ्यांवर बसली. ती उठायच्या आत तुम्ही गेला होतात.

दादा नगरहून आला तो तसाच शवपेटीच्या तयारीला गेला. तुम्हाला शाळेच्या समारंभातला काळा कोट घालायचं ठरलं. आईला माळ काढायचा धीर होईना, हाताने काढायची नाही असं बजावलेलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरून ती आपसूक कशी उतरणार, हे आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. तिने ती गोळा करून तुमच्या छातीवर ठेवली आणि मी वरून कोटाची बटणं लावली. आई आता नाही, तेव्हा हे जाणणारी मी एकटीच उरले होते. कधीकधी स्कूटर सिग्नलला थांबली की उगाचच मनात येतं, ती माळ आत अजून वाढत असेल.

मी शास्त्र शिकायला लागले तेव्हा तसली एक माळ मागून आणली आणि हॉस्टेलच्या खोलीत खिळ्याला टांगली. ओल्या काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. माळ पार जमिनीला टेकली. खिळ्याची कावीळ उतरली, असं सांगून मी मुलींना पोट धरून हसवलं. परातीतला पिवळा रंगही चुन्याचा आणि सालीचा, कुणाचेही हात धुतले तरी येणारच. सगळं कळलं. आणि आज बघा, पाण्याचा रंग बघणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा झालाय. गुलाबीचं पिवळं झालं की माझा जीव भांड्यात पडतो.

यंदा दादाला टीबी निघाला. तो आता गावातच असतो, आपली शेती आणि रस्त्यावरचं वेल्डिंगचं दुकान दोन्ही बघतो. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी फोनवर त्याला माझ्या डिशांचं सांगितलं आणि म्हटलं, मधून मधून रक्त तपासून घे. तो "व्हय व्हय" म्हणाला, म्हणजे तपासणार नव्हता. त्याच सुमारास माझ्या डिशांवर औषध घालायची पाळी आली. तुमच्या डब्यातलंच औषध, पपा, फक्त पाण्यात विरघळवलेलं. पहिला थेंब सोडताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आ कर." शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मला काही म्हणालात?" मी नाही म्हटलं. काही माणसांच्या यकृतात ही गोळी फार सावकाश मोडते. तो सावकाशपणा आईबापांकडून येतो, आणि माझ्या पेशींत तो आहे हे लवकरच दिसलं. बाकीच्यांच्या डिशा तग धरून होत्या. माझ्या डिशांत पित्ताच्या रेघा फुगल्या, मग तुटल्या, मग एकेक पेशी गोल होऊन शेजारणीपासून सुटली आणि पाण्यात तरंगायला लागली. मी ते बघत बसले. तुमच्या आत, त्या माळेच्या खाली काय चाललं असेल, ते असं बसून बघायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं नाही, थंडी वाजली.

मग एका सोमवारी कपाट उघडलं तर सगळ्यांचं पाणी पिवळं झालेलं आणि माझ्या डिशांचं तसंच गुलाबी. कुणी जेवलंच नव्हतं. माझ्यातल्या फक्त एका डिशचं पिवळं होतं. तुलनेसाठी प्रत्येकाची एक डिश औषधाविना ठेवतात, ती. मी ते गुलाबी पाणी उजेडात धरून उभी होते तेव्हाच वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांनी जेवन टाकलंय. फोडनीचा वास आला की अंगनात जाऊन उभं ऱ्हात्यात." तिने तुम्हाला बघितलेलं नाही, ती तुमच्या मागाहून या घरात आली, आणि तुमच्याविषयी हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं, डोळे कसे आहेत. ती म्हणाली, "पिवळं वाटत्यात. पन काळजी नगा करू, कालच माळ आनलीय. त्याच गिरणीवरनं, आता त्यांचा ल्योक देतो."

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात, डिशवरून माणसाचं भविष्य सांगायचं नाही. त्यात डिश माझी आणि आजारी दादा. भावाबहिणींत एकाला मिळतं ते दुसऱ्याला मिळेलच असं नाही. हे सगळं मला मान्य होतं आणि तरी मी स्कूटर काढली. वाटेतल्या भाळवणीपर्यंत मी स्वतःशी भांडत होते, की परातीवर विश्वास ठेवणारी आई आणि डिशभर पाण्यावर विश्वास ठेवून निघालेली मी, आमच्यात फरक तो काय. भाळवणीच्या पुढे ते भांडण सोडून दिलं. दादाचे डोळे पिवळे होते आणि तो अजून गोळी घेत होता, तेवढं मला पुरेसं होतं.

तो स्वयंपाकघरातच बसला होता, तुमच्या आरशाखाली. कपाळावर हिरवी माळ, पुढ्यात पाण्याचा पेला, तळहातावर गोळी. सकाळी मळमळत होतं म्हणून राहिली होती, आता घेणार होता.

"ती घेऊ नको," मी म्हटलं. "आधी डॉक्टरांकडे चल. आत्ताच्या आत्ता."

"एक दिस चुकला की समदं पान्यात," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, अगदी तुमच्यासारखं.

"आपल्या मनाने बंद करायची असं मी म्हणत नाही. डॉक्टर बघतील. वाटलं तर बदलून दुसऱ्या देतील. पण डोळे पिवळे असताना ही आज पोटात जायला नको."

"पपांनी चुकवली का कदी एक तरी? मरंपत्तुर घेतली त्यांनी."

"म्हणून तर गेले."

वहिनीने गॅस बंद केला. तुम्ही टीबीने गेलात असंच दादा इतकी वर्षं धरून चालला होता, गावही तसंच म्हणतं. तो उठून उभा राहिला. "गावाला गोळ्या चारून जगवलं त्या मानसानं. आन् तू म्हनतीस गोळीनं गेला. कशावरनं? तुज्या त्या बशीवरनं?" आणि खरंच, कशावरून? तुमचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. माझ्यापाशी एक डिश होती आणि एका कोटाच्या बटणांची आठवण होती, यावर कुणी गोळ्या सोडत नाही. दादाने पेला उचलला. गोळी ओठांपाशी नेली.

पुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं, पपा. माझ्या गळ्यातून आवाज आला, "आ कर." तो मला माझा वाटला नाही. जरा घोगरा होता, भरल्या वर्गाला ऐकू जाईल असा. दादाचा हात जागच्या जागी थांबला आणि पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाने तोंड उघडलं. "जीभ वर." त्याने जीभ वर केली. मी वाकून बघितलं. जिथे तुम्ही सगळ्या गावाच्या लपवलेल्या गोळ्या शोधल्यात, तिथे जिभेच्या खाली हळद माखल्यासारखं पिवळं होतं, डोळ्यांपेक्षा जास्त. मी त्याचे खांदे धरले आणि त्याला तसाच, उघड्या तोंडाने, आरशाकडे वळवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग तोंड मिटून म्हणाला, "पपांगत परत नगं बोलूस." गोळी त्याने फळीवर ठेवली आणि वहिनीला चप्पल मागितली.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही तिघं नगरला निघालो. वाटेत त्याने विचारलं, "त्यांच्या माळंचं काय केलं मग?" मी त्याला कोटाचं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी कपाळावरची माळ वर उचलली, हाताने, जे आईला आणि मला जमलं नव्हतं, आणि खिडकीतून बाहेर सोडून दिली. वहिनीने डोळे मिटून घेतले. दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या. "आणखी थोडे दिवस घेत राहिले असते तर मी काही करू शकलो असतो असं वाटत नाही," असं ते मला बाहेर बोलावून म्हणाले. आधी तो पिवळेपणा ओसरू दिला, मग दुसऱ्या गोळ्या एकेक करून, रक्त तपासत सुरू केल्या. आता तो भाकरी मोडून खातो, वहिनीवर ओरडतो, दुकानात जाऊन बसतो. त्याचे डोळे पांढरे झालेत.

मला मात्र एक गोष्ट तेव्हापासून सोडत नाही. तुम्ही रोज त्या आरशात जिभेखाली बघत होता. पिवळं तिथेच असणार, तुमच्या डोळ्यांपुढे. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. एक म्हणजे तुम्ही बघितलंत, काहीतरी बिघडलंय हे ओळखलंत आणि तरी गिळत राहिलात, कारण मास्तरांनीच गोळी सोडली हे कळलं असतं तर मागच्या दाराने येणारी माणसं दुसऱ्या दिवशी आली नसती. दुसरं म्हणजे तुम्ही फक्त गोळी शोधत होता. गोळी लपलेली नाही ना, मग झालं, रंगाकडे तुमचं लक्षच नव्हतं. मला दुसरं खरं असायला हवंय. पहिलं खरं असेल तर मला तुमचा राग येतो, पपा, इतक्या वर्षांनीही येतो, आणि तो कुणाला सांगायचा हे कळत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. दफनभूमीत नेऊन तुमच्या दगडाखाली ठेवावं असं एकदा मनात आलं, पण तुमच्या छातीवर आधीच मी बटणं लावून कोंडलेलं पुरेसं आहे. ते माझ्या पर्समध्येच राहील. फक्त एक सांगायचं राहिलंय. काम संपलं की सगळ्या डिशांत ब्लीच ओतून त्या टाकून द्यायच्या असतात. मी बाकीच्या सगळ्यांत ओतलं. औषध न घातलेली माझी एक डिश मात्र कपाटात अगदी मागे ठेवून दिली, कुणाला न सांगता. एक दिवसाआड तिचं पाणी अजून पिवळं होतं. तिच्यात तुम्ही नाही, हे मला कळतं, मी तेवढी शिकलेली आहे. पण तिने जेवण सोडलेलं नाही, आणि तिला गोळी द्यायला कुणी आलेलं नाही. उद्या रविवार, प्रयोगशाळा बंद असते, आणि पाणी बदलायचा दिवस नेमका उद्याच येतो. दुपारी वहिनीचा फोन आला होता. दादा बरा झाला म्हणून उद्या गावच्या चर्चमध्ये उपकारस्तुती ठेवलीय, तुम्हीच तर पाहिजे ताई, नक्की या, म्हणाली. मी तिला सांगितलं, मला सर्दी झालीय.